नीट राखलेली कबर

वडिलांच्या दगडावर लाल ओठ उमटले होते.

ऑर्लिनानं बादलीतलं फडकं पिळलं आणि घासायला घेतलं. लिपस्टिक निघाली नाही, पसरली. खाली मातीच्या उंचवट्यावर कुणीतरी बंदुकीची गोळी, दोन सिगारेटी आणि गुलाबांचा गुच्छ ठेवून गेलं होतं.

"पुन्हा?" शेजारच्या कबरीवरून तिची भावजय विल्मा म्हणाली.

"पुन्हा."

"सासरेबुवांना जिवंतपणी एवढे मुके मिळाले नसतील."

ऑर्लिना हसली नाही.

मे महिन्यातला कबरी साफ करायचा रविवार. टेक्सासातल्या त्या लहानशा गावची सगळी घरं दफनभूमीत जमली होती. कबरीवर गवताचं पातं राहू द्यायचं नाही, माती खरवडून उघडी करायची, वर उंचवटा करून फुलं ठेवायची, ही तिकडची जुनी रीत. मग ओकच्या सावलीत लांब टेबलांवर कोंबडी, वाल आणि मक्याचा पाव. पण अलीकडे त्याच दिवशी कुंपणाबाहेर जत्राही भरू लागली होती. क्लेटन आणि ओपलची जत्रा. तीसच्या दशकातल्या महामंदीत दुकानं, बँका लुटत हिंडलेलं आणि शेवटी याच गावाच्या वेशीवर पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेलं जोडपं. त्यांनी मारलेल्या माणसांतला शेवटचा म्हणजे ऑर्लिनाचा बाप. आपल्याच दुकानाच्या उंबऱ्यात पडला होता. ऑर्लिना तेव्हा पाळण्यात होती.

जत्रेच्या कमिटीचा डब, गावातला औषधवाला, छातीवर बिल्ला लावून आला.

"मिस ऑर्लिना, त्रास झाला का हो परत?"

"तुम्ही पाटी लावणार होता. क्लेटन-ओपलची खरी कबर कुठली ते दाखवायला."

"लावली होती की! बाणसुद्धा काढला होता." डबनं टोपी मागे सारली. "नेली कुणीतरी."

"आणि त्यांचा दगड?"

"तो तर कधीच पळवला. दर वेळी नवा कुठून आणायचा?" त्यानं आवाज खाली आणला. "लोकांचं तरी काय चुकतं, सांगा. कुंपणाशी गवतात काही दिसत नाही. इथं बघावं तर माती कशी चाळून टाकल्यासारखी. दगडावर सालही तेच. त्यांना वाटतं, एवढी जपलीय म्हणजे त्यांचीच. मी म्हणतो, एखादं वर्ष गवत वाढू द्यावं."

"माझ्या आईला शेवटी चालता येत नव्हतं, डब. बसून सरकत सरकत तिनं ही कबर खरवडली."

बाहेर जत्रेत त्या दरोड्याचा खेळ सुरू झाला होता. लाउडस्पीकरवर खोट्या गोळ्या सुटल्या. टाळ्या पडल्या. डब घाईघाईनं तिकडे गेला.

ऑर्लिना नळावर पाणी बदलायला गेली. परतताना तिला दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. जुन्या पद्धतीची हॅट घातलेला एक तरुण कबरीशी गुडघे टेकून बसला होता. हातात चाकू. शेजारी लांब झग्यातली, लाल ओठांची मुलगी.

"अरे! काय चाललंय?"

तो दचकून उठला. "एक कपचीच घेतली, मॅम. पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं. अंगठ्यांत बसवणार आहोत."

"हे ते नव्हेत."

"म्हणजे?"

"हे माझे वडील. त्या दोघांनी मारलेले."

मुलीनं तोंडावर हात नेला. मग ती त्याच्या कोपराला धरून कुजबुजली, "डॅनी, दुकानदार! आत्ता खेळात पडला ना, तो!" आणि ऑर्लिनाकडे वळून, अगदी अदबीनं, "मॅम, तुमच्यासोबत एक फोटो काढू?"

ऑर्लिनानं नुसता हात पुढे केला.

"ही ठेवली तर नाही का चालणार?" तरुण म्हणाला. "तशी तीही त्याच गोष्टीतली झाली ना."

तिचा हात तसाच राहिला. शेवटी त्यानं कपची तिच्या तळव्यावर ठेवली. वडिलांच्या नावातली जी अक्षरं आधीच्या कपच्या नेणाऱ्यांच्या हातून शाबूत राहिली होती, त्यांतल्या शेवटच्याचा तो तुकडा होता.

ती दोघं गेल्यावर तिनं गुलाब, गोळी आणि सिगारेटी झग्याच्या ओच्यात घेतल्या. खुरपं उचललं आणि कुंपणाकडे चालू लागली.

"अगं, कुठं निघालीस?" विल्मानं हाक मारली. "जेवणं वाढतायत!"

कुंपणाशी गवत गुडघाभर होतं. ऑर्लिना खाली बसली आणि मुठी भरभरून उपटू लागली. मुळं सुटेनात तिथं खुरप्याचे घाव घातले. विल्मा धापा टाकत मागून आली.

"डोकं फिरलंय का तुझं? त्यांची कबर?"

"दिसू दे एकदाची लोकांना."

"आई असती तर..."

"आई नाहीये. गवत धर."

विल्मा जागची हलली नाही. ऑर्लिनानं एकटीनंच माती उघडी केली, ढेकळं फोडली, उंचवटा रचला. वर गुलाब ठेवले, गोळी ठेवली, सिगारेटीसुद्धा नीट आडव्या ठेवल्या. घाम डोळ्यांत उतरत होता. डाव्या मुठीतली कपची तिनं सोडली नव्हती.

फाटकातून एक म्हातारं जोडपं आलं. नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा होता. बाई इकडेतिकडे पाहत सरळ कुंपणापाशी आली, थबकली आणि काळा चष्मा काढून उंचवट्याकडे पाहू लागली.

"किती माया आहे हो तुमच्या हातात," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचे कोण होते हे?"

ऑर्लिनानं मान वर केली नाही. उंचवट्याची एक बाजू अजून सारखी व्हायची होती. ती तळहातानं थोपटत राहिली.