मुखपृष्ठावरची चार अक्षरं

सू निंगच्या ग्रंथाचं नाव कुआंग सरांनी सकाळपासून अकरा वेळा लिहिलं होतं. 'न झगडणारं पाणी'. चिनीत अवघी चार अक्षरं. दहा कागद सुरेख उतरले होते, अकरावा त्यांनी मुद्दाम बिघडवला.

गुरुजी हयात नसले तर मुखपृष्ठावरचं नाव थोरल्या शिष्यानं कुंचल्यानं लिहून द्यायचं, अशी रीत. दोघं एकाच गुरुजींचे शिष्य; थोरले कुआंग, धाकटी सू निंग. ताओ विचारातल्या 'न झगडण्या'वर कुआंग तीस वर्षं नुसती टिपणं काढत बसले आणि या बाईनं सहा वर्षांत ग्रंथ हातावेगळा केला. वर त्याचं नाव लिहायचं यांनी! जळफळाट होणार नाही तर काय?

"डाव्या हातानं लिहिलंत की काय?" बायको युएफननं अकरावा कागद पाहून विचारलं. "शोभतं का हे या वयात?"

"तिला काय कळतंय."

दहा कागद कपाटावर गेले. दुपारी सू निंग चहाचा डबा घेऊन आली. कुआंगांनी दिलेला कागद तिनं दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"दादा, सुबक लिहायला कुणीही शिकतं. इतकं अनघड लिहायचं तर आधी मीपणा सोडावा लागतो. मी चारशे पानं खरडली त्यावर, पण माझा नाही हो सुटला."

कुआंगांना इतके दिवस तिच्या ग्रंथाचा हेवा वाटत होता, आता तिच्या भाबडेपणाचाही वाटायला लागला.

"ते राहू दे," ते घाईनं म्हणाले. "चांगलं देतो तुला." त्यांनी कपाटावरचे दहाही कागद काढून टेबलावर पसरले.

सू निंगनं एकेक नीट पाहिला.

"छानच आहेत. पण हे लिहिताना तुम्हाला कुणाला तरी दाखवायचं होतं, दादा. मी मघाचाच नेते." तिनं तो बिघडलेला कागद पुढे सरकवला. "तेवढा तुमच्या नावाचा शिक्का राहिलाय."

कुआंग जागचे हलेनात. युएफननं खणातून शिक्का आणला, लाल शाईची डबी उघडली आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"मारा," ती म्हणाली. "कुणी लिहिलंय ते कळू दे सगळ्यांना."