बिन्यामीनची माती

बिन्यामीन रोहेकर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात वारला. ताप तीनच दिवसांचा. दुपारी त्याला होस्टेलच्या खोलीत आणून त्याच्याच खाटेवर ठेवलं, आणि पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. तो यहुदी होता. अख्ख्या कॉलेजात एकटाच.

त्याचे वडील पूर्वी इथंच ओव्हरसीअर होते. निवृत्त होऊन ठाण्याला गेले होते. त्यांना तार केलेली होती.

"ते येईपर्यंत थांबू," रेक्टर महादेवराव म्हणाले. "रात्रीच्या गाडीनं निघाले तर उद्या सकाळी पोचतील. बर्फ मागवतो."

"थांबता नाई येनार सर," मोतीराम म्हणाला. धाडच्या माळ्याचा हा मुलगा दोन वर्षं बिन्यामीनच्या खोलीत राहिला होता. "आज शुक्रवार हाये. आज दिवस बुडला का उद्या दिवस बुडेपर्यंत बेन्या काडीबी ओढत नव्हता. कंदील आम्हीच लावून देत होतो. त्याची माती आजच करा लागन."

"असं त्यानं तुला सांगितलं होतं?"

"सांगतलं नाई. म्या पाह्यलं."

अडीच वाजता ठाण्याहून उलट तार आली. इंग्रजीत होती. रेक्टरांनी ती मनात वाचली, मग मराठीत सांगितली. माझी वाट पाहू नका. सूर्य मावळायच्या आत दफन करा. रविवारी सकाळी येतो.

दारात उभ्या मुलांपैकी एक जण पुटपुटला, "बाप येऊन नाई राह्यला?"

"शनवारी ते गाडीत बसत नसतीन," मोतीराम म्हणाला.

आता जागेचा प्रश्न होता. खोलीतला तिसरा मुलगा गफूर, धामणगाव बढ्याचा. त्यानं सायकल काढली आणि मोतीरामला पाठीमागं बसवून कब्रस्तानात नेलं. तिथली देखरेख रज्जाकचाचा करायचे. ते लिंबाखाली बसले होते. गफूरनं सगळं सांगितलं.

"आपल्यातला नाई तो," चाचा म्हणाले.

"नाई. पन त्याईच्यात जाळत नाईत चाचा. कोपऱ्यात, भित्तीजवळ दिली जागा तरी चालते."

गफूर आणि मोतीराम उभेच होते. ऊन कलायला लागलं होतं.

"कोपऱ्यात नाई," चाचा उठत म्हणाले. "कोपऱ्यात आम्ही बेवारस पुरतो. याले मानसं हायेत." आणि आपल्या थोरल्या भावाच्या कबरीशेजारची जागा त्यांनी काठीनं आखून दिली.

होस्टेलच्या मागच्या पडवीत फळ्यांवर बिन्यामीनला आंघोळ घातली. आजोबांच्या वेळी गफूरनं हे काम पाहिलं होतं. तो पाणी ओतत होता, मोतीराम धूत होता. केस धुताना मोतीरामनं आपला हात त्याच्या डोक्याखाली धरला, फळी टोचेल म्हणून. मग बाजारातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटात त्याला गुंडाळलं. बिन्यामीनच्या ट्रंकेत चार टोकांना गोंडे असलेली पांढरी शाल होती. प्रार्थनेला उभा राहताना तो ती अंगावर घ्यायचा. ती वरून पांघरली.

खड्डा तयार झाल्यावर चाचांनी विचारलं, "तोंड कोनीकडं?"

"मावळतीले," मोतीराम म्हणाला. "सकाळी तो तिकडंच तोंड करून उभा राह्यचा. आमच्या खिडकीत."

चाचांनी मान हलवली. त्यांच्यातही तोंड मावळतीकडंच करायचं; त्यांना वेगळं काही करावं लागणार नव्हतं.

पोरांनी त्याला खाली उतरवलं. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण ते कुणाला येत नव्हतं. दोन मिनिटं शांत उभं राहू, असं रेक्टर म्हणत होते, तेवढ्यात मोतीराम पुढं झाला. रोज झोपताना बिन्यामीन डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थनेची एक ओळ म्हणायचा. दोन वर्षं ती शेजारच्या खाटेवर ऐकू येत होती. अर्थ मोतीरामला नीट ठाऊक नव्हता. त्यानं डोळ्यांवर हात ठेवला.

"शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद."

पुढचं त्याला येत नव्हतं. त्यानं तेवढंच पुन्हा एकदा म्हटलं आणि मूठभर माती टाकली. सगळे परत निघाले तेव्हा सूर्य अजून झाडांच्या वर होता.

रविवारी सकाळी मलकापूरच्या एस.टी.नं वडील आले. उंच, वाळके, डोक्यावर काळी टोपी. चहाही न घेता ते मोतीराम आणि गफूरबरोबर कब्रस्तानात गेले. ओल्या मातीपाशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आंघोळ कोणी घातली?"

"गफूरनं पानी टाकलं. म्या धुतलं," मोतीराम म्हणाला. "काका, आम्हाले काई माईत नव्हतं. चुकलं असन तं सांगा."

त्यांनी खिशातून छोटा चाकू काढला. आपल्या शर्टाच्या गळ्याला चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड छातीपर्यंत फाडलं.

"आमच्यात माणूस गेल्यावर कपडा असा फक्त घरच्यांनी फाडायचा असतो," ते म्हणाले.

मग ते मोतीरामजवळ आले. त्याच्या शर्टाच्या गळ्याला त्यांनी हलकेच चाकू लावला आणि वीतभर कापड फाडलं. मोतीराम हलला नाही.

ते वळले, तेव्हा गफूरनं आपल्या गळ्याशी असलेलं बटण काढलं होतं.