लेकीच्या जोडीची बांगडी

भाकरी थापताना यमुनाबाईंच्या मनगटावरची हिरवी बांगडी लाल झाली. जोडीची बांगडी दूर नाशकात, सातव्या महिन्यातल्या लेकीच्या हातात होती. लेकीचा रक्तदाब चढला, की आईच्या बांगडीचा रंग पालटे. मागच्या खेपेला तो चढला, तेव्हा पाळणा रिकामाच राहिला होता.

पिठाच्या हातांनीच त्यांनी फोन लावला. "मंजुळे, डोकं दुखतंय का गं? डोळ्यांपुढं अंधारी येते?"

"नाही गं आई! उद्या डोहाळजेवण ना, कासार चुडा भरतोय. म्हणून तुझी बांगडी काढून सासूबाईंकडे दिली."

"आणि त्यांनी ती हातात घातली?"

फोन स्पीकरवर होता; मागून विहीणबाई कडाडल्या, "मग सुनेचं सौभाग्य फळीवर ठेवू होय?"

"अहो, म्हणजे दाब तुमचाच चढलाय, विहीणबाई! उद्या तुमच्यासाठीही जोड आणते. पण लोणचं बंद, आणि आजच डॉक्टरांना दाखवा."

पलीकडे हशा उसळला. मंजुळाने बांगडी परत हातात चढवली. इकडे चुलीपुढं लाली ओसरली, कोवळ्या पानासारखा हिरवा रंग उमलला. यमुनाबाईंनी बांगडीला कपाळ टेकलं आणि तव्यावरची करपलेली भाकरी हसतच उलटली.