मिळाल्याची सही

"आमच्या गल्लीत एकशे बारा घरं हायत आन् नळ एकबी न्हाई. यंदाच्या बजेटात एक तरी धरा." सुकेशनीनं नगरपरिषदेत ठणकावून सांगितलं. वर्गासोबत आलेल्या प्रमोदिनी मॅडमनी या अकरावीच्या पोरांना महिनाभर हेच शिकवलं होतं: रडायचं नाही, हात जोडायचे नाहीत, आकडे सांगायचे.

पाणीपुरवठा खात्याच्या बापूंनी रजिस्टर उघडलं. "नळ मागच्याच बजेटात बसलाय की."

"मग आमाला कसा दिसंना?"

"चला, दावतो. बजेटची सभा उद्या हाय, तवर खात्री करून घ्या." आणि भर दुपारी, कुणी न सांगता, बापू खुर्चीवरून उठले. मॅडमनी भ्यायला हवं होतं ते इथंच.

गल्लीत, नर्मदाआजीच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत बापू वाकले. गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेतच काहीतरी पिळलं, ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायले. मग मिशा पुसल्या. मिशा ओल्या होत्या.

वर्गातल्या गोपाळनं तिथं हात फिरवून पाहिला. नुसती हवा. नर्मदाआजीनं लगबगीनं हंडा आणून ठेवला. आत धार पडल्याचा आवाज आला. उचलला तर रिकामा.

"आगं माय! काय करायलाय ह्यो बाबा?" आजी भिंतीला टेकली.

"भ्यायचं काय त्यात?" बापू रजिस्टर पुढं करत म्हणाले. "नळ मिळाल्याची सही केली की दिसतो. नगरसेवकांना पहिल्याच दिवशी दिसला."

"आन् सही केल्यावर आमच्या मागणीचं?" सुकेशनीनं विचारलं.

"नळ असल्यावर मागणी कशाची, पोरी?"

ऊन मी म्हणत होतं. मॅडमनी पेन घेतलं. "मी फक्त खात्री करते हं." सही करून त्या वाकल्या. घोटागणिक त्यांचा गळा हलताना सगळ्यांनी पाहिला. "गार आहे गं," त्या म्हणाल्या, सुकेशनीकडं न बघता. मग गोपाळ वाकला. मग बाकीच्या पोरांची रांगच लागली.

सुकेशनीची जीभ टाळूला चिकटली होती. "मी न्हाई करणार सही."

बापूंनी आग्रह केला नाही. रजिस्टर मिटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सभेत ती उठली आणि मागणी मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. अध्यक्ष तिच्या आरपार भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"कुणाला काही बोलायचंय का?" त्यांनी विचारलं. "न्हाई ना? मग बजेट मंजूर."

टाळ्या झाल्या. सुकेशनी खाली बसली.

"सुकेशनी यायला हवी होती रे आज," शेजारी बसलेल्या मॅडम गोपाळला म्हणाल्या, आणि हातातली जड पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, रिकाम्या खुर्चीवर ठेवावी तशी.