ऑफिसची गाडी

"बॅग नीट खांद्यावर घे," वडील जिन्यात कुजबुजले. "आणि जरा घाईत असल्यासारखा चाल. नोकरीवाला माणूस असा रमतगमत जात नाही."

मुलाने बॅग खांद्यावर घेतली. तिच्यात पाण्याची बाटली होती, दुपारच्या गोळ्या होत्या, आणि ती भरलेली दिसावी म्हणून वडिलांनी कोंबलेली एक जुनी उशी होती.

मुलगा तेवीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली आणि हातातली नोकरी सुटली. औषधांनी ते आवाज बरेचसे बसले. मग डॉक्टरांनी त्याला मानसिक आजार असलेल्या तरुणांसाठी चालणाऱ्या एका मोफत केंद्रात पाठवलं. आठवड्यातून तीन दिवस तिथे जायचं, स्वयंपाक करायचा, सुतारकाम शिकायचं, चार जणांत बसून बोलायचं. न्यायला-आणायला केंद्राची गाडी. तीही मोफत.

"अगदी निर्धास्त राहा," केंद्राच्या बाईंनी पहिल्याच भेटीत वडिलांना सांगितलं होतं. "आमच्याकडे सगळं गोपनीय असतं."

दुसऱ्या दिवशी ती गोपनीय गाडी आली. पिवळीधमक. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मानसिक आजार असलेल्या तरुणांसाठी मोफत सेवा'. शेजारी एक हसरा सूर्य. वडील अनवाणी धावत सुटले आणि त्यांनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडवली. तेव्हापासून ती दोन गल्ल्या पलीकडे, लाँड्रीच्या कोपऱ्यावर थांबू लागली. बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं, की पोराला चांगली नोकरी लागलीय, ऑफिसची गाडी न्यायला येते.

फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी रोजच्यासारखे पेपर उघडून उभे होते. कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाच्या घरात काल आवाज चढला, कोणाच्या पोरीला कोण सोडायला आलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पेपर ते नुसता हातात धरत.

"काय, निघाले साहेब?" त्यांनी विचारलं.

"हो ना," वडील म्हणाले. "कामाचा नुसता ढीग पडलाय. बढतीचंही चाललंय म्हणे."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. गेल्या आठवड्यापर्यंत नुसती नोकरीच होती.

"छान, छान," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी पेपराचं पान उलटलं.

फाटकाबाहेर चार पावलं गेल्यावर मुलगा थांबला.

"बाबा, डॉक्टर म्हणतात, जे नाहीच ते आहे असं मानायचं नाही. त्यासाठी मी दिवसाला पाच गोळ्या घेतो. आणि तुम्ही मला सारखे नसलेल्या ऑफिसात पाठवता."

"हळू बोल," वडील म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गाडी चालवणारी बाई होती. तिचा आवाज मुळातच रस्त्याच्या पलीकडे जाईल असा.

"काका, लाँड्रीपाशी रस्ता खणून ठेवलाय. गाडी वळतच नाही. मी आपली तुमच्या फाटकावर येते."

"नको, ताई, नको! आम्ही पळत येतो, तुम्ही फक्त कुठे ते..."

फोन बंद झाला होता. आणि गल्लीच्या तोंडाशी पिवळं काहीतरी वळत होतं.

गाडी थेट फाटकासमोर येऊन उभी राहिली. बाईने दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्या मजल्यावर कपडे पिळणारे हात थांबले. दुसऱ्यावर एक खिडकी उघडली, मग तिच्या शेजारची. हसरा सूर्य सगळ्यांकडे बघून हसत होता.

वडील गर्रकन वळले, फाटकातून आत आले आणि भिंतीवरची सूचना वाचू लागले. पाण्याची टाकी साफ होणार असल्याची ती सूचना होती. टाकी गेल्याच महिन्यात साफ झाली होती, तरी त्यांनी ती मन लावून दोनदा वाचली.

मुलगा मात्र तिथेच उभा होता. त्याने एकवार वर, खिडक्यांकडे पाहिलं. मग खांद्यावरून बॅग काढली, चेन उघडली, आतली उशी बाहेर ओढली आणि वडिलांपाशी येऊन त्यांच्या हातात दिली.

"ही घरी न्या, बाबा. मला जड होते."

तो गाडीकडे गेला. त्याने दार सरकवलं. आतून कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, कोणीतरी सरकून जागा केली. घाईत असल्यासारखा तो अजिबात चालला नव्हता.

वडील उशी छातीशी धरून उभे राहिले. समोरून सेक्रेटरी येत होते. पेपर घडी घालून काखेत, नजर सरळ. वडिलांच्या डोक्यात भराभर उत्तरं जुळू लागली. ऑफिसची गाडी बिघडलीय. नाही, त्यांनी सहज लिफ्ट दिलीय. छे, याहून चांगलं काहीतरी.

"त्याचं काय आहे, साहेब," ते चाचरत म्हणाले, "आमचा मुलगा तिथे मॅनेजर..."

सेक्रेटरी थांबलेच नाहीत. ते वडिलांच्या बाजूने निघून गेले, ते थेट गाडीच्या पुढच्या खिडकीपाशी. तिथे त्यांनी एकदा वर मान करून सगळे मजले पाहून घेतले, काखेतला पेपर काढून तोंडाला आडवा धरला आणि दबक्या आवाजात विचारलं,

"ताई, आज आधी इकडेच आलात? आमची मुलगी तिकडे पोस्टाच्या कोपऱ्यावर अर्धा तास उभी आहे."