जवळ आहे, पण नाही

"मीठ जास्त झालंय," वासुदेव म्हणाले आणि भाकरीचा उरलेला तुकडा ताटलीत ठेवला.

भार्गवीने बरणी उचलून उजेडात धरली. झाकणावर मार्करने ५८३ लिहिलं होतं. "मागच्या रविवारी कमी वाटलं होतं तुम्हाला."

"मागच्या रविवारी कमीच होतं. आज जास्त आहे."

"बरं. आणि भाजणं?"

"भाजणं चालेल. पण घट्ट आहे. तुझ्या आईचं आधी जिभेवर पसरायचं आणि मग एखादा दाणा दाताखाली यायचा. तो दाणा ती मुद्दाम ठेवायची."

"पुढच्या वेळी बघते, अप्पा."

भार्गवी होसकोट्याजवळच्या एका कारखान्यात पीनट बटरचे नमुने लोकांकडून चाखून घ्यायची. अन्नशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावरची पहिलीच नोकरी. कुणाला गुळगुळीत आवडतं, कुणाला कणीदार. कुणी वर आलेलं तेल ढवळून घेतं, कुणी ओतून टाकतं. या आवडी येतात कुठून, याचं तिला खरंच कुतूहल होतं. बरण्यांवर नुसते, मनाला येतील ते नंबर टाकायची सवयही कारखान्यातलीच. आत काय आहे ते कळलं की माणूस जिभेऐवजी डोक्याने चाखतो.

वासुदेवांची आवड मात्र एकाच बाईने ठरवून ठेवली होती. उल्का लग्न होऊन बेळगावकडून इथे आली तेव्हा बेंगळुरात पीनट बटर कुणी फारसं खात नव्हतं. ती शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायची, सालं अर्धीच पाखडायची आणि खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायची. मीठ, गुळाचा खडा, बाकी काही नाही. घरात त्याला दाण्याचं लोणी म्हणत. टेलिफोन खात्यातले लोक वासुदेवांच्या डब्यात बोट बुडवून जात.

उल्का गेल्याला आता वर्ष झालं होतं. निपाणीहून परसूचा, वासुदेवांच्या धाकट्या भावाचा, सारखा फोन यायचा. देवनहळ्ळीचं भाड्याचं घर सोड, इकडे ये, तुझी खोली रंगवून ठेवलीय. वासुदेवांनी होकार दिला होता. एकच अट होती. उल्काच्या हातची चव एकदा सापडू दे, ती बरणी घेऊनच येतो.

निपाणीला दर रविवारी जाता येणार नाही, हे बापलेकींपैकी कुणीच बोललं नव्हतं. उल्का होती तेव्हा भार्गवी महिना महिना यायची नाही. आली तरी दोघं उल्कामार्फतच बोलायची. 'अप्पांना विचार', 'तिला सांग', असं.

पहिली बरणी तिने आणली तो रविवार तिला नीट आठवत होता. झाकणावर २१७. वासुदेवांनी बोटाने थोडं घेतलं, डोळे मिटले. मग उठून न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आले ते तोंड पुसत.

"जवळ आहे," ते म्हणाले होते. "पण नाही."

तेव्हापासून दर रविवारी नवा नंबर आणि नवी तक्रार. एकदा गूळ चिक्कीचा लागला. एकदा दाणे जुने. एकदा नुसतंच, "यात ती घाई नाही. तुझी आई घाईत करायची." आणि प्रत्येक तक्रारीमागून उल्काची एक गोष्ट निघायची, भार्गवीने कधी न ऐकलेली. कढई कोणत्या जत्रेतली. खलबत्त्याच्या आवाजाने खालचे भाडेकरू कसे भांडायला आले आणि बशीभर घेऊन परत गेले.

दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण धनलक्ष्मीअक्का मागची बरणी धुऊन घेऊन आल्या होत्या. नापास बरण्या त्यांच्याकडेच जात.

"अण्णा, आज पास का?" उल्काकडून शिकलेल्या मराठीत त्यांनी विचारलं.

"नापास. मीठ जास्त."

अक्कांनी चमच्याने चाखलं. "मला तर सगळ्या बरण्या एकच लागतात."

"तुम्ही डोशाला लावून खाता. तुम्हाला काय कळणार?"

"सरी, सरी, बरोबर आहे तुमचं. मग ही पण मलाच द्या." बरणी घेऊन त्या हसत जिना चढल्या.

तेवढ्यात परसूचा फोन आला. वासुदेवांनी स्पीकरवर टाकला.

"दादा, दसऱ्याला नक्की ना? का अजून तुझं ते लोणीच चाललंय?"

वासुदेवांनी भार्गवीकडे पाहिलं. ती ताटलीतले भाकरीचे कण एका बाजूला गोळा करत होती.

"मी काय करू? पोरीला जमत नाहीये अजून," ते म्हणाले.

"इतकी शिकलेली पोर, आणि दाणे कुटता येईनात?"

"शिकतेय, काका," भार्गवी म्हणाली. "थोडा वेळ लागेल."

"दसरा राहू दे, परसू. दिवाळीनंतर बघू." वासुदेवांनी फोन ठेवला. मग नुकतंच आठवल्यासारखं म्हणाले, "या वेळी दाणे जरा कमी भाजून बघ. तिने एकदा कढई करपवली होती, ती गोष्ट सांगितली का तुला?"

"नाही, अप्पा."

त्यांनी ती गोष्ट सांगितली. भार्गवीची बस चुकली. ती दुसरीने निघाली.

मारतहळ्ळीच्या खोलीवर पोचल्यावर तिने अक्कांनी धुऊन दिलेली बरणी पालथी घालून निथळू दिली. झाकणावरचा जुना नंबर पुसून ६४२ लिहिलं. मग ओट्याखालून दाण्याच्या लोण्याचा तो मोठा स्टीलचा डबा ओढला, पहिल्या रविवारी २१७ ज्यातून भरली होती तोच, आणि आजवरच्या सगळ्या बरण्यांसारखी हीही त्यातूनच भरली.