डॉक्टरची सिगारेट

"तुझी बायको सिगारेट कधीपासून ओढायला लागली रे, रुफिनो?" सुटे पैसे परत करता करता दुकानवाल्या पास्कुआलाने विचारलं.

"दामियाना? तिला नुसत्या धुराने ठसका लागतो."

"मग दर सोमवारी पाकीट कुणासाठी नेते?" पास्कुआला गालातल्या गालात हसली. "मी आपलं सहज विचारलं हो."

रुफिनो आपल्या मिनिबसमध्ये येऊन बसला, पण गाडी सुरू करायचं काही त्याला सुचेना.

मुळात माणूस संशयी. दामियाना विधवा आहे हे माहीत असूनच त्याने लग्न केलं होतं, आणि लग्नाच्या दिवसापासून तो तिच्या मेलेल्या नवऱ्यावर जळत होता. त्या लिनोचा फोटो त्याने स्वतःच्या हाताने चुलीत घातला. घालण्याआधी मात्र नीट निरखून पाहिला. रुबाबदार चेहरा, ऐसपैस हसू आणि समोरच्या दातावर जडवलेला सोन्याचा तारा. तो तारा रुफिनोच्या डोळ्यांत तेव्हापासून खुपत होता.

यंदा दफनभूमीच्या भिंतीत लिनोला ठेवलेल्या भाड्याच्या कोनाड्याची मुदत संपली, तेव्हा दामियानाने भीत भीत विषय काढला होता. "भाडं भरलं नाही तर ते त्याची हाडं बाहेर काढतील."

"काढू देत. मेलेल्या माणसाचं घरभाडं मी का भरू?"

तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यात आता हे डॉक्टरकीचं खूळ. लिनो पोटदुखीने गेला, कारण वेळेवर डॉक्टर मिळाला नाही. दामियानाने शाळेत शिवणकाम आणि जमाखर्च यापलीकडे काही पाहिलं नव्हतं, रसायनशास्त्र कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हतं. दिवसभर बायकांचे घेरदार घागरे शिवायची आणि संध्याकाळी प्रवेशपरीक्षेच्या वर्गात आपल्या निम्म्या वयाच्या पोरांमध्ये जाऊन बसायची.

"हे सगळं त्याच्यासाठीच ना?" रुफिनोने एकदा विचारलंही होतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "घागरे शिवून कंटाळले. आता माणसं शिवायची आहेत."

म्हणजे मेलेल्यावर जळून होतंय न होतंय, तोवर हा सिगारेट ओढणारा जिवंत कोणी उपटला. शरीररचना शिकवणारा तो डॉक्टर उर्कीदी असणार, तेल लावून केस चापून बसवणारा. रुफिनोचं जेवणावरचं मन उडालं.

त्याच आठवड्यात संपवाल्यांनी हमरस्त्यावर दगड टाकून वाहतूक अडवली आणि तो भर दुपारी घरी परतला. शिवणाच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मशीनचा आवाज नव्हता. दाराखालून तंबाखूचा वास येत होता.

"हलू नकोस ना, डॉक्टर," आतून दामियानाचा आवाज आला, अगदी लाडात. "हे गालाचं हाड. आणि हे इथलं... किती गुळगुळीत कपाळ आहे रे तुझं!"

रुफिनोच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने लाथ मारून दार उघडलं.

टेबलावर एक कवटी होती. डोक्याला लोकरीची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, दातांवर कापसाचा जाड थर आणि त्यात खोचलेली पेटती सिगारेट. भोवती फुलांच्या पाकळ्या, शेजारी हाडांचं पुस्तक.

आता त्या शहरात घरात अशी कवटी असणं काही नवलाचं नव्हतं. रुफिनोच्या आजीकडेही एक होती. ती घर राखायची, नवसाला पावायची, आणि बदल्यात सोमवारी फुलं नि सिगारेट एवढंच मागायची.

"कुठून आणलीस?"

"दफनभूमीतून. सगळे विद्यार्थी तिथूनच आणतात." दामियानाने टोपी सारखी केली. "चित्रं बघून माझ्या डोक्यात काही शिरत नाही. हात लावला की राहतं."

"आणि डॉक्टर का म्हणतेस?"

"काहीतरी म्हणायला हवं ना."

रुफिनो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

त्यानंतर सिगारेटी तोच आणू लागला, त्याही महागातल्या. दामियाना वर्गाला गेली की तो डॉक्टरसमोर खुर्ची टाकून बसायचा, दिवसभराचे प्रवासी, पोलीस, पेट्रोल असं सगळं सांगायचा. इतकं निमूटपणे ऐकून घेणारा माणूस त्याला जन्मात भेटला नव्हता.

एका सोमवारी मग त्याने मनातलं बोलून टाकलं.

"तू घरचा म्हणून सांगतो, डॉक्टर. हिचा पहिला नवरा मेला खरा, पण हिच्या मनातून काही जात नाही. तेवढा काढ त्याला. आणि हिला पास कर. सणाला तुझ्यासाठी बँड लावतो."

दामियाना पास झाली. त्या दिवशी तिने रुफिनोला अशी मिठी मारली की त्याच्या बरगड्या दुखल्या. कित्येक महिन्यांत लिनोचं नावही तिच्या तोंडून आलं नव्हतं. डॉक्टर दोन्ही नवसांना पावला यात रुफिनोला शंका उरली नाही.

नोव्हेंबरमध्ये कवट्यांचा सण आला. सगळं शहर आपापली कवटी घेऊन दफनभूमीकडे निघालं. रुफिनोने शब्द पाळला आणि बँड लावला. डॉक्टरला फुलांच्या पेटीत बसवून त्याने पेटी छातीशी धरली.

"काय रे, सख्खा भाऊ असल्यासारखा मिरवतोयस!" वाटेत पास्कुआलाने टोमणा मारला.

"भावापेक्षा जवळचा आहे," रुफिनो ऐटीत म्हणाला.

दामियाना फुलं घ्यायला मागे राहिली होती. रुफिनोने पेटी कट्ट्यावर टेकवली. सिगारेटच्या धुराने डॉक्टरच्या तोंडावरचा कापूस पिवळा पडला होता. आज सणाचा दिवस, आज तरी नवा कापूस हवा, असं म्हणून त्याने जुना उपटायला घेतला.

"राहू दे, रुफिनो!" गर्दीतून दामियाना ओरडली. हातातली फुलं टाकून ती धावत येत होती. "थांब, मी करते!"

पण कापूस निघाला होता, आणि भर उन्हात समोरच्या दातावर सोन्याचा तारा चमकत होता.